बेदियाकोनं तपासलेली गाडी

घानातल्या कुमासी शहरात सुआमे मॅगझिन नावाची गॅरेजांची वस्ती आहे, तिथं इंजिन खोलणारे हजार सापडतील, पत्रा ठोकणारे दोन हजार. पण जिचं नेमकं काय दुखतंय तेच कुणाला कळत नाही, अशी गाडी शेवटी बेदियाकोच्या शेडपुढं येऊन उभी राहायची. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटलेत, काटे खाली पडलेत, गिअर एकाच जागी अडकलाय आणि इंजिन मात्र ठणठणीत. असल्या गाडीला तिथले लोक ‘भांडलेली गाडी’ म्हणत. हल्लीच्या गाडीत छोट्या कॉम्प्युटरचे दहा-पंधरा डबे असतात. इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, स्टिअरिंगचा एक. एकमेकींत पिळलेल्या दोन बारीक तारांवरून ते सगळे एकमेकांना निरोप देत राहतात. तारेत कुठं खोट आली की निरोप पोचत नाही आणि एक डबा दुसऱ्याच्या नावानं ओरडायला लागतो. ती खोट शोधायची हे बेदियाकोचं काम. वीस वर्षं तो तेच करत आला होता. कुमासीच्या स्टेशनांवर, म्हणजे गाडीतळांवर, ट्रोट्रो ही भाड्याची छोटी बस चालवणाऱ्यांच्या तोंडी त्याचं नाव म्हणीसारखं झालं होतं: बेदियाकोनं तपासली म्हणजे गाडी झाली.

पोकुआ त्याच्याकडं आली ती ऑक्टोबरातल्या एका सकाळी. पन्नाशी ओलांडलेली बाई, सुआमेच्या बाजारात धुरावलेली मासळी विकणारी. बेदियाकोनं तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. तिनं दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला, मग त्यानं रिवाजाप्रमाणं येण्याचं कारण विचारलं.

तिनं सगळं सलग सांगितलं. कुठं थांबली नाही की डोळ्याला पदर लावला नाही. तिचा धाकटा भाऊ अदोमाको कुमासी ते मांपाँग अशी पंधरा माणसांची ट्रोट्रो चालवायचा. मालक दुसरा, भाऊ नुसता ड्रायव्हर. गेल्या डिसेंबरात, बारा तारखेला, मांपाँगचा घाट उतरताना एका डाव्या वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ गेली, गटार ओलांडून उजव्या अंगानं खडकावर आपटली. दोन माणसं गेली. एक नाताळासाठी गावाकडं निघालेली शाळामास्तरीण. दुसरा गाडीवरचा मेट, म्हणजे दारापाशी बसून भाडं गोळा करणारा पोरगा. ताविया त्याचं नाव, वय तेवीस. तो पोकुआचा एकुलता एक मुलगा.

अदोमाकोचा खुबा मोडला, पण जगला. दवाखान्यात त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं की स्टिअरिंग एकदम दगडासारखं झालं. तेव्हा कुणीतरी विचारलं, गाडी शेवटची दाखवली कधी? तो म्हणाला, तीन दिवसांपूर्वीच, बेदियाकोकडं. त्यावर खोलीतली माणसं गप्प झाली. पोलीस गप्प झाले, स्टेशनवरच्या ड्रायव्हर संघटनेचे सेक्रेटरी गप्प झाले. मग एक जण म्हणाला की बेदियाकोनं बघितलेली गाडी अशी दगा देत नाही. तू पहाटे चारला निघाला होतास, तुला डुलकी लागली असणार. दहा जणांनी दहा दिवस हेच सांगितलं. कोर्टात उभं राहायची वेळ आली तोवर अदोमाको स्वतःच म्हणायला लागला होता, “झोपलोच असेन.” सहा महिने आत काढून तो बाहेर आला आणि एन्सुताच्या पलीकडं, घराण्याच्या शेतातल्या झोपडीत जाऊन राहिला. बहिणीच्या दारात आला नाही. बहीणही गेली नाही.

“उस्ताद,” पोकुआ म्हणाली, “मला एक मुलगा होता आणि एक भाऊ आहे. तो झोपला असेल तर त्याला माझ्या हातचं जेवण या जन्मी मिळायचं नाही. मला जमायचंच नाही ते. पण नसेल झोपला तर तो तिथं एकटा कशाला मरतोय? मला एवढंच कळू दे.”

बेदियाकोला ते ऐकून वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त टोचलं. त्यानं विचारलं, “म्हणजे मी तपासण्यात चूक केली, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“मी काहीच म्हणत नाही. मला तारा वाचता येत नाहीत. तुम्हाला येतात.”

त्याला ती गाडी आठवत नव्हती. डिसेंबरात दिवसाला चाळीस गाड्या येतात. सगळ्यांना नाताळाआधी चार खेपा जास्त करायच्या असतात. पण आपण बघितलेल्या गाडीत खोट राहिली असेल हे त्याच्या मनाला पटेना. मोडलेली गाडी पुन्हा बघायला तो तयार झाला तो निम्मा त्या बाईसाठी आणि निम्मा आपल्या नावासाठी. पैसे घेणार नाही म्हणाला.

शेजारच्या शेडमध्ये ओतेंग नावाचा वेल्डर होता. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, एकाच थाळीत जेवलेले. त्याच्या पिकअपमध्ये बसून गुरुवारी तिघं मांपाँगला गेले. मोडलेली ट्रोट्रो अजून पोलीस ठाण्यामागच्या आवारात पडून होती. गवत खिडकीपर्यंत आलं होतं. टायर आणि सीट कुणीतरी लांबवल्या होत्या. उजवी बाजू पार आत गेलेली, सरकतं दार कागदासारखं चुरगळलेलं. डावीकडं मात्र फारसं काही झालं नव्हतं. पोकुआ उजव्या बाजूला गेली नाही. ड्रायव्हरच्या दारापाशीच उभी राहिली.

बेदियाको डॅशबोर्डखाली वाकला. तिथल्या सॉकेटमध्ये, त्या दोन तारा जिथं येतात तिथं, त्यानं मीटरच्या दोन सुया लावल्या. तारा धड असल्या की मीटर साठ दाखवतो. एक टोक तुटलं असेल तर एकशेवीस. दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या असतील तर जवळपास शून्य, आणि मग कुठलाच डबा कुणाशी बोलू शकत नाही. मीटरनं साठ दाखवले.

त्यानं मीटर पोकुआपुढं धरला. “बघा आई, साठ. तारा धड आहेत.” आवाजात समाधान होतं, ते त्याचं त्यालाही ऐकू आलं.

पोकुआ आकड्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “ही आता उभी आहे ना, उस्ताद. तेव्हा ती वळत होती.”

ओतेंग हसला. बेदियाको हसला नाही. सहा महिन्यांच्या शिकाऊ पोरानं विचारावं असा तो प्रश्न होता, आणि त्यानं स्वतः तो स्वतःला विचारला नव्हता. त्यानं ओतेंगला मीटर धरायला सांगितलं आणि स्टिअरिंग हातात घेतलं. उजवीकडं फिरवलं. साठ. सरळ केलं. साठ. डावीकडं फिरवलं, अर्ध्यावर आलं आणि ओतेंग म्हणाला, “दोन.”

“किती?”

“दोन रे. दोन दाखवतोय.”

त्यानं स्टिअरिंग सरळ केलं. साठ. पुन्हा डावीकडं. दोन. असं त्यानं चार वेळा केलं. मग त्यानं पायाखालचं जाड कापड फाडून काढलं, पाठीवर पडून आत डोकं घातलं आणि विजेरी मारली. स्टिअरिंगच्या दांड्याला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी होती. तारांचा जुडगा पट्टीच्या बाहेरून जायला हवा होता, तो आतून गेलेला होता. परदेशातून जुनी आणलेली ही गाडी तिकडं एकदा ठोकली असणार, तिथं कुणीतरी खोलून घाईघाईनं परत जोडली असणार. तेव्हापासून दर डाव्या वळणाला दांडा तो जुडगा पट्टीवर घासत होता. दोन्ही तारांचं कवच गेलं होतं. आतलं तांबं उघडं पडलं होतं.

ओतेंगनंही वाकून पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, “आपटल्यावर झालं असेल. तसंच सांग.”

“नाही,” बेदियाको म्हणाला. “पट्टी बघ. घासून घासून आरशासारखी झालीय. हे एका दिवसाचं काम नाही. तांबंही काळं पडलंय.”

बाहेर येऊन त्यानं पोकुआला समजेल अशा शब्दांत सांगितलं. त्या वळणावर त्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या. सगळे डबे एका क्षणात मुके झाले. गाडी किती वेगात आहे हे स्टिअरिंगच्या डब्याला कळेना, तेव्हा त्यानं वळवायला द्यायची मदत सोडून दिली. गिअर आहे तिथं अडकला. पंधरा माणसांची गाडी, उतार, आणि हातात दगडासारखं स्टिअरिंग. जागा असलेल्या माणसाच्यानंही ती वळली नसती.

“म्हणजे तो झोपला नव्हता?”

“नव्हता. पहिल्या दिवशी त्यानं जे सांगितलं तेच खरं होतं.”

पोकुआ तिथंच गवतात बसली. तोंडावर दोन्ही हात धरून ती बराच वेळ रडली, आणि ते रडणं मुलासाठीचं नव्हतं हे दोघा पुरुषांना समजत होतं. मग ती उठली, तोंड पुसलं आणि म्हणाली की तुम्ही सकाळपासून उपाशी आहात, मी काहीतरी घेऊन येते. केंके म्हणजे मक्याचे उकडलेले गोळे आणि तळलेले मासे आणायला ती चौकाकडं गेली.

बेदियाकोनं सोबत आणलेली बॅटरी जोडली. गाडीच्या डब्यांत अजून काय नोंदलेलं आहे ते वाचून कागद करून द्यावा, म्हणजे बाईला तो चार माणसांत दाखवता येईल, असं त्याच्या मनात होतं. त्यानं आपलं तपासणीचं यंत्र सॉकेटला लावलं. यंत्रानं गाडीचा नंबर ओळखला आणि पडद्यावर विचारलं: ही गाडी आधी नोंदलेली आहे, जुना अहवाल उघडायचा का?

त्यानं उघडला. नऊ डिसेंबर. अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी गाडी वाचली. तीन दोष. इंजिनाचा डबा म्हणत होता, स्टिअरिंगकडून निरोप येत नाही. ब्रेकचा डबा तेच म्हणत होता. गिअरचा डबाही तेच. तिघांनी एकाच जागेकडं बोट दाखवलं होतं. खाली ओळ होती: अकरा चव्वेचाळीसला दोष पुसले. त्यापुढं काही नव्हतं. तारा मोजल्याची नोंद नाही, स्टिअरिंग फिरवून बघितल्याची नाही. दोन मिनिटं.

ते दोष बॅटरी उतरल्यावरही येतात. जुन्या गाड्यांत दहापैकी नऊ वेळा तेच असतं. दोष पुसायचे, डॅशबोर्डवरचा दिवा विझतो, ड्रायव्हर खुश होतो, मागची गाडी पुढं येते. आपण हे कितीदा केलं असेल याचा बेदियाकोला हिशेब लागेना.

ओतेंगनं त्याच्या खांद्यावरून ते वाचलं होतं. त्यानं हात पुढं करून यंत्राचा पडदा बंद केला.

पोकुआ पानात बांधलेलं जेवण घेऊन परत आली. बेदियाकोनं दोन घास खाल्ले. तिसरा पानातच परत ठेवला. परतीच्या वाटेवर पोकुआ दोघांच्या मध्ये बसली होती आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच ती बोलत होती. अदोमाको लहान असताना तिच्या पाठीवर कसा वाढला, आई गेल्यावर तिनंच त्याला कसं मोठं केलं, ताविया चालायला लागला तो मामाचं, त्याच्या वोफाचं, बोट धरून. बेदियाको खिडकीबाहेर बघत ऐकत राहिला. सांगायचं राहूनच गेलं. नंतर तो स्वतःला म्हणायचा की ती इतक्या दिवसांनी हसत होती म्हणून मी सांगितलं नाही. पण ते काही खरं नव्हतं.

पुढचे बारा दिवस त्याला फार जड गेले. पोकुआनं स्टेशनवर जाऊन सेक्रेटरींना गाठलं. सेक्रेटरींनी माइकवरून सांगितलं की अदोमाको झोपला नव्हता, गाडीतच खोट होती, आणि ती बेदियाकोनं शोधून काढली. ड्रायव्हर येता-जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवू लागले. एक जण म्हणाला, “मेलेल्या गाडीला बोलतं केलंस बाबा तू.” मग तूच ती आधी तपासली होतीस ना, हे कुणी विचारलं नाही. जो तो समजला की खोट इतकी लपलेली होती की पहिल्यांदा बेदियाकोलाही दिसली नसेल. म्हणजे कुणालाच दिसली नसती. त्याचं नाव आणखी मोठं झालं. पोकुआनं त्याच्या घरी केळ्यांचा घड आणि मासळीची टोपली पाठवली. बायकोनं त्या मासळीचं सूप केलं. त्याला ते समोर बघवेना. पोट बिघडलंय म्हणून तो उठून गेला.

ओतेंगनं त्याला समजावलं. म्हणाला, “तार तू घासलीस का? तू फक्त दिवा विझवलास. या मॅगझिनमध्ये रोज हजार दिवे असेच विझतात.”

“तेच तर,” बेदियाको म्हणाला.

“मग काय, जाऊन गळ्यात दोर घालून घेणार? बाईला भाऊ मिळाला. आता तिचं समाधान कशाला नासवतोस?”

बेदियाको पुढची गाडी घ्यायला उठला. पण तेराव्या दिवशी पोकुआच आली. तिनं शेतावर निरोप धाडला होता, पण अदोमाकोचा विश्वास बसत नव्हता. बहीण माया करतेय, खोटंच सांगतेय, असं त्याला वाटत होतं. तुम्ही स्वतः सांगितलंत तर तो ऐकेल, ती म्हणाली. तुमच्या नावापायीच तर त्यानं स्वतःला दोषी मानलं. बेदियाकोनं शेड बंद केली आणि तिच्याबरोबर निघाला. यंत्र पिशवीत घेतलं.

एन्सुतापासून शेतापर्यंत तासाभराची पायवाट होती. पोकुआ डोक्यावर भांडं घेऊन पुढं चालत होती. भावासाठी तिनं पहाटे उठून फूफू, म्हणजे कुटलेल्या कसावा कंदाचा मऊ गोळा, आणि सूप केलं होतं. अदोमाको झोपडीपुढं कोनफळाच्या वेलांना काठ्या बांधत होता. चाळिशीचा माणूस, पण एका पायानं ओढत चालताना साठीचा वाटत होता. बहिणीला बघून तो जिथं होता तिथंच उभा राहिला. तिनं भांडं खाली ठेवलं. दोघांपैकी कुणी पुढं गेलं नाही. त्यानं पाहुण्याला लाकडी बाक दिला, पाणी दिलं.

बेदियाकोनं तारांचं सांगितलं. पट्टी, वळण, साठ आणि दोन. अदोमाको ऐकत होता. मध्येच त्याचे हात नकळत वर आले, जणू स्टिअरिंग धरलंय, आणि डावीकडं वळता वळता थबकले.

“मला स्वप्न पडतं,” तो म्हणाला. “त्यात मी झोपलेला असतो. रोज तेच. मला वाटायचं तीच आठवण आहे.”

“आठवण नाही ती. लोकांनी सांगितलेलं आहे.”

“मग माझे हात...” त्यानं हातांकडं पाहिलं. “मला वाटलं झोपेत हात ढिले पडले, म्हणून वळली नाही.”

“तुम्ही ओढत होतात. गाडीच वळणारी नव्हती.”

मग अदोमाकोनं जे विचारलं, त्याची बेदियाको तेरा दिवस वाट बघत होता.

“पण उस्ताद, तुम्ही तर बघितली होती.”

बेदियाकोनं पिशवीतून यंत्र काढलं, तो अहवाल उघडला आणि दोघांच्या पुढं धरला. पोकुआला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं ओळ न् ओळ वाचून दाखवली. अकरा बेचाळीस, तीन दोष, तिन्ही स्टिअरिंगच्या नावानं. अकरा चव्वेचाळीस, पुसले. मग म्हणाला, “मी तारा मोजल्या नाहीत. स्टिअरिंग फिरवलं नाही. बॅटरीचं असेल म्हणून दिवा विझवला आणि तुम्हाला जा म्हणालो. अर्धा तास दिला असता तर मला ती तार सापडली असती. हे मला मांपाँगलाच कळलं होतं. त्या दिवशी मी सांगितलं नाही.”

पोकुआनं त्याच्याकडं पाहिलं. मग भावाकडं पाहिलं.

अदोमाको जमिनीकडं बघत बोलू लागला. “मी तुम्हाला विचारलं होतं, घाट उतरायला चालेल ना? तुम्ही दुसऱ्या गाडीत वाकला होतात. वर न बघताच म्हणालात, चालेल, जा. मी निघालो. ताविया म्हणाला...” तो थांबला.

“काय म्हणाला?” पोकुआनं विचारलं.

“राहू दे, ताई.”

“काय म्हणाला माझा पोरगा?”

“म्हणाला, वोफा, हे नीट खोलून बघू दे ना त्यांना. एक खेप गेली तर गेली. दिवा उगीच पेटत नाही.” अदोमाको अजून जमिनीकडंच बघत होता. “मी त्याला म्हणालो, गप बस, बेदियाकोनं बघितलीय. तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं का?”

पोकुआ पुढं सरकली. “पुन्हा सांग.”

“ताई...”

“पुन्हा सांग. तो कसा म्हणाला तस्संच सांग.”

त्यानं पुन्हा सांगितलं. वोफा, हे नीट खोलून बघू दे ना त्यांना. एक खेप गेली तर गेली. तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तेव्हा तो हसत होता का, तिनं विचारलं. हात कुठं होते त्याचे? शर्ट कुठला होता? अदोमाको आठवून आठवून सांगत होता. दारात एक पाय ठेवून उभा होता, दाणे खात होता, हसत नव्हता. दहा महिन्यांत त्या मुलाचं नवीन काही तिच्या कानावर पडलं नव्हतं. सगळी जुनीच वाक्यं ती उगाळत बसली होती. आज हे एक नवीन मिळालं होतं, आणि ते असं होतं. ती ओठ हलवत ते पाठ करत होती.

मग ती उठली आणि भांड्यावरचं फडकं सोडलं. सूप निवलं होतं. तिनं तीन दगड मांडून ते पुन्हा तापवलं, फूफू वाडग्यात घातला आणि भावापुढं ठेवला. दोघं एकाच वाडग्यातून जेवू लागली. जेवताना अदोमाको रडत होता, आणि रडताना जेवत होता. तिथल्या रिवाजाप्रमाणं दारी आलेल्याला ‘या, जेवा’ म्हणतातच. पोकुआ बेदियाकोला तसं म्हणाली नाही. तो थोडा वेळ बाकावर बसून राहिला आणि मग पायवाटेनं एकटाच परत निघाला.

पुढं त्यानं जे करायचं ते केलं. सेक्रेटरींकडं जाऊन त्यानं अहवाल दाखवला आणि ज्या माइकवरून त्याचं कौतुक झालं होतं त्याच माइकवरून स्वतः सगळं सांगितलं. शाळामास्तरणीच्या घरच्यांना भेटला. तिच्या नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि काही न बोलता दार लावलं. मग एक मेंढा आणि श्नॅप्स या दारूची बाटली घेऊन तो पोकुआच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्यांपुढं गेला. ओतेंग सोबत होता. जाऊ नकोस म्हणत होता, पण मेंढ्याचा दोर त्यानंच धरला होता. वडीलधाऱ्यांनी आपसात बोलून बाटली उघडली, पूर्वजांच्या नावानं जमिनीवर थेंब सांडले आणि समेट झाल्याचं जाहीर केलं. म्हातारा कुटुंबप्रमुख म्हणाला, “माणूस स्वतःच्या पायानं आला, म्हणून आम्ही हे घेतलं. ओढून आणावं लागलं असतं तर वेगळं बोललो असतो.” पोकुआ मागं बायकांत बसली होती. तिनं मान खाली घातली ती वर केली नाही.

अदोमाको डिसेंबराच्या सुरुवातीला बहिणीकडं राहायला आला. भाच्याच्या वर्षश्राद्धाला तो मामाच्या जागी बसला. आलेल्यांचे हात हातात घेत होता. लायसन्स परत मिळवून देतो असं सेक्रेटरी म्हणाले, पण तो नको म्हणाला. आता तो पहाटे बहिणीच्या भट्टीवर मासळी उलटीपालटी करतो. गावाला जायचं झालं तर ट्रोट्रोत दारापाशी, मेटच्या शेजारची जागा मिळेपर्यंत तो गाड्या सोडत राहतो.

बेदियाकोच्या शेडपुढच्या गाड्या निम्म्या झाल्या. त्याचं नाव गेलं म्हणून नव्हे. खरं बोलला म्हणून काही ड्रायव्हर उलट त्याला जास्तच मानायला लागले. पण तो आता प्रत्येक गाडीच्या तारा मोजायचा, स्टिअरिंग दोन्हीकडं फिरवायचा, खोट सापडेपर्यंत किल्ली परत द्यायचा नाही. ड्रायव्हर ताटकळत, वैतागत आणि पलीकडच्या गल्लीत जात. तिथं दोन मिनिटांत काम व्हायचं.

वर्षश्राद्धाला येऊ का, असं त्यानं आधी विचारून पाठवलं होतं. नको, असं उत्तर आलं. नंतर एका दुपारी तो बाजारातून चालला असताना पोकुआनंच त्याला हाक मारली. तिनं मासळीवरच्या माश्या हाकलल्या, आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, “तुम्ही मला भाऊ परत दिलात. मला ते कळतं. देवापुढं मी ते नाकारणार नाही.”

तो दोन पावलं जवळ आला.

“पण तुमचं तोंड दिसलं की मला ती दोन मिनिटं दिसतात. माझ्या पोराला कळलं होतं, तुम्हाला कळलं नाही. तुम्ही या वाटेनं येत जाऊ नका, उस्ताद. मी शिव्या देत नाही. विनंती करतेय.”

त्यानं मान डोलवली. घरी जायला बाजारामागून आणखी एक रस्ता आहे, लांबचा आणि चढाचा. बेदियाको आता त्या रस्त्यानं जातो.